वाळूत चाक न घालता केलेलं कोकण

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना बळ मिळणारी गाडी, घेऊन कोकणात निघालो म्हटलं की समोरचा विचारणारच, "मग काय, बीचवर चालवणार?" आमच्या क्लबात याचं उत्तर ठरलेलं आहे: नाही. नवे सभासद यावर हिरमुसतात. लाटा उडवत जाणारी गाडी जाहिरातीत बघूनच अर्ध्यांनी ती घेतलेली असते. पण कोकणात ऑफरोडिंगचा खरा माल किनाऱ्यावर नाहीच. तो वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या कडेला, जांभा दगडाच्या बंद पडलेल्या चिरेखाणींत आणि वाडीकडे उतरणाऱ्या बैलगाडीच्या वाटांवर आहे. माघातल्या लांबलचक सुट्टीत तो शोधायचा म्हणून पुण्याहून निघालो.

गाड्या अशा: पुढे लीडला गुरखा, चालवणारे आमचे निवृत्त काका. मग वकीलसाहेबांची जिप्सी, डॉक्टरीणबाईंची जिमनी, एक नवी थार, माझी जुनी थार आणि शेवटी स्वीपला व्ही-क्रॉस पिकअप. पिकअपच्या हौद्यात फावडी, फळ्या, दोऱ्या, कॉम्प्रेसर आणि कोणीतरी हळूच चढवलेली चकलीची दोन पिंपं.

शुक्रवार: ताम्हिणी, म्हसळा, बागमांडला, वेळास

ताम्हिणी उजाडता उजाडता उतरलो. माणगावला वडापाव, म्हसळ्याला चहा, आणि दुपारी बागमांडल्याच्या जेटीवर. इथे सावित्री समुद्राला मिळते. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी जिल्हा. फेरीबोट सुटली की उजव्या हाताला समोरच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला दिसतो. मराठ्यांचा हिम्मतगड, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया.

ओहोटी असली की बोटीची फळी आणि जेटीचा उतार यांच्यात चांगलाच कोन पडतो. जिप्सी-जिमनीला त्याचं काही नाही, पण व्ही-क्रॉसचं शेपूट लांब. मागचा टो-हुक, गाडी ओढायचा, सिमेंटवर खर्रकन घासला आणि खलाशी ओरडला, "तिरकी घ्या, तिरकी!" लांब गाडी असेल तर उतारावर सरळ न जाता थोडी तिरपी घ्या, एका वेळी एकच चाक चढेल असं बघा. बोटीवर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. तिकिटाला सुटे पैसे ठेवा, नेटवर्कवर विसंबू नका.

वेळासला मुद्दाम थांबलो, कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत इथे येऊन वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावाला बरोबर घेऊन ती घरटी राखायला सुरुवात केली. आता गावात घरोघरी पाहुणे उतरतात. अंडी कुंपणातल्या वाळूत हलवलेली असतात, दीडदोन महिन्यांनी पिल्लं वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्रात सोडतात.

संध्याकाळी सहाला दोरीच्या अलीकडे उभे राहिलो. कार्यकर्त्याने घरट्यावरची टोपली उचलली तर आत तीन पिल्लं. हातभर मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्स एकदम पुढे सरसावल्या. पिल्लू काळसर, तळहातात मावेल एवढं. समुद्राकडे तोंड करून निघालं आणि चार फुटांवर कुणाच्या तरी चपलेच्या टाचेच्या खळग्यात उतरलं. वर चढायला पुढची वल्ही मारतंय, वाळू घसरतेय, परत खाली. वीसेक सेकंद हा खेळ चालला. मग एका कडेने कसंबसं बाहेर आलं. कार्यकर्ता आमच्या टीशर्टवरचा गाडीचा छाप बघून म्हणाला, "ही नुसती टाच हाय. टायरचा चर पडला ना, की हे त्यातनं बाहेरच येत नाय. चरानेच चालत ऱ्हातं. मग कावळे हायतच." नव्या थारवाल्याने टीशर्टवर जॅकेट चढवलं. गरम होत असताना.

मुक्काम एका घरी. त्या दिवशी एकादशी आहे हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात नव्हतं. घरच्या आजींनी दारातच विचारलं, "उपास आहे का कुणाला?" वकीलसाहेबांनी हात वर केला, कारण स्वयंपाकघरातून दाण्याच्या आमटीचा वास येत होता. बाकीच्यांना ओल्या काजूची उसळ, भाकरी, कुळथाची पिठी आणि भात. वकीलसाहेबांनी वरीचा भात आणि आमटी संपवून "चवीपुरती" म्हणून उसळही घेतली. आजी म्हणाल्या, "एकादशी नि दुप्पट खाशी ती हीच!" काजूची उसळ खायची असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच या. ओले गर सोलताना हाताची सालटं निघतात, त्यामुळे ताटात काजू मोजून आले तर कुरकुर करू नका.

कासवांची तारीख पकडून येणार असाल तर घर आधी सांगून ठेवा आणि दोन रात्री हाताशी ठेवा. पिल्लं कुणाच्या सुट्टीप्रमाणे बाहेर येत नाहीत. शनिवारी सकाळी आम्हाला एकही दिसलं नाही.

शनिवार: केळशी, चिरेखाण, हर्णै, कर्दे

भारजा नदी ओलांडून केळशीत. इथल्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा मोठा डोंगर आहे. चढ बघून कुणाही फोर बाय फोरवाल्याचा पाय शिवशिवतो. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या डोंगराचा संबंध जुन्या काळी आलेल्या त्सुनामीशी जोडला आहे. त्याच्या थरांत खापरं, हाडं असं बरंच काही सापडलेलं आहे. गाड्या लांब रस्त्यावर लावून चालत जाऊन बघितला. कडेला टायरच्या खुणा होत्याच. आमच्या आधी कुणीतरी पाय शिवशिवून घेतले होते.

मग वर सड्याला लागलो. माघात सडा म्हणजे करपलेलं गवत आणि काळपट कातळ, नुसता ओसाड माळ. त्यामुळेच लोक त्यावर खुशाल गाड्या फिरवतात. पण पावसाळ्यात फुलणाऱ्या सगळ्या गोष्टींचे कंद आणि बी याच चिमूटभर मातीत झोपलेले असतात. तिकडे दक्षिणेला रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. म्हणून बैलगाडीची चाकोरी सोडायची नाही. काका वॉकीवर दर पाच मिनिटांनी तेच सांगत होते, "चाकोरीत रहा. ओव्हरटेक नाही. ड्रोनवाल्याने हट्ट करू नये."

चिरेखाण मात्र मनसोक्त. मालकांना आधी फोन करून, प्रत्यक्ष भेटून परवानगी घेतली होती. ते स्वतः स्कूटरवर येऊन कडेला चिऱ्यांच्या ढिगावर बसले. जांभा कापून नेल्यावर मागे उरतात ते फूट-दीड फुटाचे पायऱ्यांसारखे कट्टे, त्यावर यंत्राच्या पात्याच्या सरळ रेघा, तळाला साचलेला लाल भुगा. आधी सगळ्यांनी हवा कमी केली, अठरा पीएसआयवर. टायर पसरतो, कडेला धरतो आणि खडबडीत दगडावर गाडी उड्या मारत नाही.

ज्यांना आतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत बळ वाटणारा भाग) एक चाक हवेत गेलं की सगळं बळ त्या फिरणाऱ्या चाकातच वाया जातं, जमिनीवरचं चाक गप्प उभं. नव्या थारच्या मागच्या ॲक्सलला आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आहे. चाक गरगरलं की खाटकन आवाज येतो आणि दोन्ही चाकं एकत्र फिरतात. गुरखात लॉक पुढेही आहे, मागेही. जिमनी ते काम ब्रेकवर करते: फिरणारं चाक ब्रेक लावून रोखायचं, म्हणजे बळ दुसरीकडे जातं. त्यासाठी पेडल सोडायचं नसतं, आणि नेमका तिथेच माणूस घाबरून पाय काढतो. डॉक्टरीणबाईंनी काढला नाही. पुढचं डावं चाक हवेत, मागचं उजवं हवेत, गाडी तिरकी लटकलेली. काका समोर उभे राहून दोन बोटांनी "ये, ये, जरासं डावं" करत होते. करकर आवाज झाला, जिमनी हळूच चढून गेली. चिऱ्यांवर बसलेले मालक उठून टाळ्या वाजवायला लागले. जिमनीला पोटाखाली 210 मिलिमीटर मोकळी उंची, नव्या थारला 226. पण खाणीत वजन जास्त बोलतं. बाराशे किलोची जिमनी ज्या कट्ट्यावरून गेली, त्याच कट्ट्याची कड माझ्या थारखाली ढासळली. घाटावरचा काळा दगड असा ढासळत नाही. जांभ्याचा भरवसा पहिल्या गाडीपुरताच.

जिप्सीचा टायर बाजूने कापला गेला. कापलेल्या जांभ्याची धार वाईट. टायरच्या बाजूला, साइडवॉलला, पंक्चरचा प्लग चालत नाही, टायरच बदलायचा. म्हणून अशा जागी स्टेपनी मूळ मापाचीच हवी. डांबरी लागायच्या आधी हवा परत भरा. बारा व्होल्टच्या छोट्या कॉम्प्रेसरवर सहा गाड्यांचे चोवीस टायर म्हणजे तासभर जातो, तेवढा वेळ धरूनच बेत आखा. आमचा तो तास मालकांच्या पडवीत गेला. घावणे, नारळाचं गुळातलं दूध, कोकम सरबत. पैशांचं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "खाणीचे घेतलेत ना ह्यांनी? मग झालं."

साडेचारला हर्णै बंदरात. समोर सुवर्णदुर्ग, आंगऱ्यांच्या आरमाराचं ठाणं, 1755 मध्ये इंग्रजांनी घेतलेलं. किनाऱ्यावर लिलाव ऐन भरात. सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, टोपल्या, बर्फ, आरडाओरडा. पण आमची सगळी मंडळी मासे सोडून बघत राहिली ती बैलगाड्यांकडे. होड्या किनाऱ्याला टेकत नाहीत, तेव्हा बैलगाडी पाण्यात जाते. बैलांच्या पोटाला पाणी लागतं, चाकं आसापर्यंत बुडतात. टोपल्या चढतात आणि गाडी ओल्या वाळूवरून भरल्या वजनासकट वर येते. लॉक नाही, लो रेंज (हळू पण जोरदार चालवणारे गिअर) नाही.

एका गाडीवानाला काकांनी विचारलं, गाडी रुतत कशी नाही. तो बैलांवर पाणी मारत म्हणाला, "रुतते की. पण कुठं रुतते ते म्हाईत हाय. त्या पांढऱ्या भुसभुशीतात उभं करायचं नाय. ओली, चपटी वाळू असंल तिथंच थांबायचं. नि भरती चढली का तीच वाळू पातळ होते." मग आमच्या गाड्यांकडे हनुवटी करून, "तुम्ही आणू नका हां इकडं. काढायला माझेच बैल न्यायला लागतात." या वर्षी किती काढल्या विचारल्यावर तो नुसता हसला.

त्याचा पुरावा तासाभरात मिळाला. मुक्काम कर्द्याला होता. सूर्यास्ताच्या सुमारास रॅम्पशी पोचलो तर खाली वाळूत एक पांढरी एसयूव्ही, नावाचीच, बळ फक्त पुढच्या चाकांना. पोट वाळूला टेकलेलं, चाकं अर्धी गाडलेली, लाट पंधरा-वीस पावलांवर. आत बसलेला मुलगा ॲक्सिलरेटर दाबतच होता आणि दर दाबाला गाडी इंचभर खाली. रॅम्पच्या तोंडाशी वाहनांना बंदीचा फलक होता. त्याला टेकून कुणीतरी मोबाइलवर सगळं चित्रित करत होतं.

भरती कुठवर येणार ते काकांनी तिथल्या तिथे सांगितलं. कोकणातला जुना हिशेब: तिथीला पाऊण ने गुणा, आली ती पूर्ण भरतीची अदमासे वेळ. द्वादशी, म्हणजे बारा पाऊणे नऊ. नऊला भरती पुरी, आत्ता सव्वासहा, पाणी अजून पावणेतीन तास चढणार. त्यात पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाण. हाताशी फार तर वीस मिनिटं.

गाड्या आम्ही खाली नेल्या नाहीत. गुरखा रॅम्पच्या वरच सिमेंटवर उभी केली, मागे व्ही-क्रॉस बांधली, चाकांखाली जांभ्याचे चिरे लावले. गुरखाच्या विंचची (दोरी गुंडाळत ओढणारं यंत्र) दोरी पुरेना म्हणून तिला दोन टो-पट्टे जोडले. झटका देऊन ओढायचं नाही हे ठरलेलं, कारण पोट टेकलेल्या गाडीला झटका दिला की पुढच्या बंपरातला स्क्रूचा हुक गोळीसारखा सुटू शकतो. विंच हळू असतो, पण शहाणा असतो. दोरीवर ओलं गोणपाट टाकलं, तुटली तर उसळू नये म्हणून. बघ्यांना लांब केलं. मुलाला खाली उतरवला, टायर पंधरावर आणले, चाकांसमोरची वाळू फावड्याने ओढली, फळ्या सारल्या. शेजारच्या टपरीवाल्याची तीन पोरं न सांगता खोदायला आली. पहिली लाट चाकाला लागली तेव्हा विंच घुरघुरायला लागला होता. गाडी वितभर उठली, थांबली, परत उठली, आणि मग सरळ ओढत रॅम्पवर आली.

मुलाने आभार मानले. टपरीवाला मात्र आमच्यावरच डाफरला, "तुमच्यासारख्यांच्या गाड्या बघूनच येतात हे!" काका काही बोलले नाहीत. मीही नाही. त्याचं म्हणणं अर्धं तरी खरं आहे असं मला वाटतं. क्लबाच्या पानांवरचे फोटो बघून घरात बसलेल्या माणसाला कुठली गाडी फोर बाय फोर आणि कुठली नाही, हे कुठे कळतं?

एक सांगून ठेवतो. तुमच्या गाडीचा टो-हुक टूलकिटमध्ये असतो आणि बंपरच्या छोट्या झाकणामागे फिरवून बसवायचा असतो. त्या मुलाला हुक आहे हेच ठाऊक नव्हतं. शोधण्यात पाच मिनिटं गेली. आजच जाऊन बघा.

रात्री बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. बोलायला कुणाला त्राण नव्हतं.

रविवार: दाभोळ, धोपावे, गुहागर, हेदवी

दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीवर फेरीबोट, पलीकडे धोपावे. सकाळी खाडीवर एवढं धुकं होतं की समोरचा काठ दिसेना. बोट भोंगा वाजवत गेली. उन्हं आली आणि दहा मिनिटांत कोट काढायची वेळ आली.

दिवसाचा बेत होता बैलगाडीच्या वाटेने खाडीकाठच्या एका वाडीत उतरायचा. पहिला टप्पा झकास. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, गुडघाभरच पाणी, खाली गुळगुळीत गोटे. लोमध्ये दुसऱ्या गिअरला, क्लच न दाबता. पलीकडे गडग्यातलं बेडं, म्हणजे दगडी कुंपणातलं फाटक, लावलेलं. ते आपण होऊन उघडायचं नाही, हा आमचा नियम. हाक मारली. आतून एक म्हातारेबाबा आले, खांद्यावर पंचा.

"कुठं चाललाव?"

सांगितलं.

"नाय जायचं. आंब्याला मोहोर हाय. सहा गाड्यांचा धुरळा बसला का मोहोर जातो. मे सरताना या, आंबे संपल्यावर."

वाट सरकारी नकाशावर दाखवलेली आहे, असं नव्या थारवाल्याने बारीक आवाजात सुचवून बघितलं. वकीलसाहेबांनीच त्याला गप्प केलं. मोहोराच्या दिवसांत लाल धूळ म्हणजे काय, हे बागायतदाराला विचारावं. त्या अरुंद वाटेवर सहा गाड्या वळवण्यात पाऊण तास गेला. व्ही-क्रॉसला तर पऱ्यापर्यंत उलटंच जावं लागलं. जाताना बाबांनी हातात शहाळी ठेवली. धूळ नको, पण पाहुण्याला रिकामं पाठवणार नाहीत.

दुपारी गुहागर. व्याडेश्वराचं दर्शन, जेवण, सुरूच्या बनात तासभर झोप. हेदवीला पोचलो चारला, ओहोटी होती. बामणघळ ही कातळातली अरुंद चीर भरतीलाच बघण्यासारखी, म्हणून त्या वेळी गेलोच नाही. दशभुजा गणपतीला जाऊन आलो आणि तिथेच राहिलो.

सोमवार: बामणघळ, कुंभार्ली, घर

चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा. दहालाच कातळावर जाऊन बसलो. आधी नुसता घोगरा आवाज, मग चिरेत पाणी कोंडतं आणि एकदम दोन-तीन पुरुष उंच फवारा. उधाणामुळे जोर जास्त होता. डॉक्टरीणबाई कोरड्या जागी उभ्या आहेत असं समजत होत्या. कातळ शेवाळाने निसरडा असतो, कडेपासून लांब राहा. फोटोला पुढे जाणारे इथे दर वर्षी घसरतात.

चिपळूणमार्गे कुंभार्ली चढलो. वर चहाला थांबलो तेव्हा नवा थारवाला टायरच्या खाचांतली लाल माती काडीने काढत बसला होता. पुढचा बेत पावसाळ्यानंतरचा, भात कापून झाल्यावर. तोवर चिरेखाणीत पाणी असेल, चिखल असेल, विंचला काम असेल. मालकांनी तारीख आत्ताच मागून घेतली आहे.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या, वाळूत गेला नसाल तरी. फेरीबोटीवर उडालेलं खारं पाणी चासीच्या पोकळीत बसतं आणि लाल भुगा ब्रेकच्या डिस्कशी. धुणाऱ्याला चाकं काढायला सांगा. माझ्याकडे त्याने दोनदा बादली भरून लाल पाणी ओतलं आणि विचारलं, "साहेब, बीचवर घातली होती काय?"